आमच्या वाचनालयातला अडेल कॉम्प्युटर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी नव्हतेच. पण अठ्ठ्याण्णव साली जे घडलं ते एकदाचं लिहून मोकळी होते, म्हणजे निदान डोक्यातून तरी जाईल...

भिगवण-बारामती रस्त्यालगतचं एक गाव — नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल. माझ्या आधी तिथे तात्या होते. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं. त्यांची एक पद्धत होती. पुस्तक परत करताना त्यातलं काहीतरी सांगायचं. वाचलं नसेल तर "न्हाय वाचलं" म्हटलेलं चालायचं, थाप मात्र चालायची नाही. तात्या वारले आणि मी ती पद्धत बंद केली. रांग लागते हो, कोण ऐकत बसणार!

मग कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, हार घातला, चपला बाहेर काढायचं फर्मान निघालं. अध्यक्ष आबा म्हणाले, "आता पुस्तकं कशाला लागत्यात? समदं ह्यात हाय." त्यात फक्त पुस्तकांची यादी आहे, हे सांगून सांगून मी थकले.

पहिल्याच दिवशी तो अडला. पुस्तक देताना ठीक, जमा करताना ढिम्म! बारामतीचा इंजिनिअर दोनदा मशीन घेऊन गेला. तिकडे व्यवस्थित चाले, इथे आणला की पुन्हा तेच. आबांनी बजावलं, "तपासणीला सायेब येस्तवर चालू झाला न्हाय, तर आमी दुसरी बाई बघू." घर माझ्या पगारावर चालायचं. वैताग, नुसता वैताग.

एकदा बारावीतली सुजाता पुस्तक परत करायला आली. मी बटण दाबून दाबून दमले, तोवर ती मैत्रिणीला सांगत होती, "शेवटाला त्यो घरी येतो, पर आई त्याला वळखतच न्हाय बघ..." आणि नोंद झाली! योगायोग, म्हटलं. तेवढ्यात आबा त्यांचं पुस्तक घेऊन आले. "वाचलं. लय भारी हाय." ढिम्म. सुजाता हसली, "आबा, खरं सांगा की!"

"अगं न्हाय वाचलं! उशाला घेतलं व्हतं!" आबा खेकसले. नोंद झाली.

ही तर तात्यांचीच पद्धत! तेव्हापासून मी गुपचूप प्रत्येकाला विचारू लागले, आणि नोंदीही होऊ लागल्या.

तपासणीच्या दिवशी जिल्ह्याहून आलेले साहेब म्हणाले, "तुमच्याच नावावर एक पुस्तक दिसतंय. तेच जमा करून दाखवा."

ते पुस्तक तात्यांनी दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी रजिस्टरात माझ्या नावावर लिहून दिलं होतं; कॉम्प्युटर आल्यावर ती नोंद त्यातही चढली होती. "वाच, आन आलो की मला सांग," म्हणाले होते. ते आलेच नाहीत. पुस्तक माझ्या खणात तसंच पडून होतं.

बटण दाबलं. ढिम्म. ग्रंथपालानेच वाचलं नाही, हे साहेबांपुढे कसं म्हणायचं? "छान आहे पुस्तक, वाचलंय मी," असं पुटपुटले. ढिम्म. साहेब घड्याळ बघताहेत, आबा माझ्याकडे बघताहेत... शेवटी सगळ्यांदेखत म्हटलं, "नाही वाचलं, तात्या. तुम्ही गेल्यावर उघडायचा धीरच झाला नाही."

नोंद झाली. साहेबांनी चांगला शेरा दिला, नोकरी राहिली.

इंजिनिअर म्हणतो व्हायरस असेल. असेल बाबा! पण त्या दिवशी भर वाचनालयात मी हमसून हमसून रडले, ते काही व्हायरससाठी नव्हतं.