कोलंबीचे बटाटे आणि सोमवारचा डबा

बटाटा दोनदा भाजायचा असतो, हे मी महाडला आमच्या आळीत भरलेल्या एका पाककृतीच्या वर्गात शिकले. शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी बटाटे सालासकट ओव्हनमध्ये भाजले, उभे कापले, आतला गर चमच्यानं काढला, त्यात चीज आणि मक्याचे दाणे कालवले, ते सगळं परत सालांत भरलं आणि परत भाजलं. आम्ही पंधरा बायका वह्या घेऊन बसलो होतो. मला तेव्हाच वाटलं, एवढा उपद्व्याप करायचा आणि आत काय, तर मका. छे. घरी येऊन मी मक्याला रजा दिली आणि कोलंबी घातली.

ओव्हन म्हणजे तेव्हा मिळायचा तो ॲल्युमिनियमचा गोल, झाकणाला काच असलेला. माझ्या भावानं तो मुंबईहून आणला आणि वीर स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षात मांडीवर धरून बसला. खाडीची कोलंबी रविवारी बाजारात ताजी मिळायची. ती सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, बारीक चिरायची, हळद-मीठ चोळायचं, लसूण-मिरचीवर दोन मिनिटं परतायची, आमसुलाचं पाणी शिंपडायचं. चीजच्या जागी घरची साय. एक गोष्ट मी ठेच खाऊन शिकले. कोलंबी वर दिसता कामा नये. वर राहिली की दुसऱ्या भाजणीत ती वातड होते. म्हणून तिच्यावर बटाट्याचा जाड थर द्यायचा आणि तो तांबूस होऊ द्यायचा. वरून बघणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही, आणि पुढं झालं ते त्यामुळंच.

सासूबाई कापड्याला राहायच्या, पोलादपूरच्या पुढे. सासरे आणि त्या, भाताची शेती, मागं वालाचा तुकडा. आम्ही दोघं नोकरीपायी महाडला. मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि नवरा रोज एसटीनं पोलादपूरच्या कचेरीत जायचा. सासूबाई एकदा आमच्याकडे आल्या असताना मी हे बटाटे केले. त्या मासे आवडीनं खाणाऱ्या, पण त्या रविवारी त्यांची संकष्टी आली होती. टेबलावरच्या ताटाकडे बघून त्या म्हणाल्या, "होडीवानी दिसतात गो. माझ्यासाठी कर एकदा, उपासाचे."

त्यांचे खरे उपास सोमवारचे होते, आणि साधे नव्हते. माझी मोठी नणंद पुण्याला दिलेली. दोन वेळा तिचं पोटातलं गेलं होतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, त्यामुळं बाळंतपणाला माहेरीसुद्धा आणता येईना. मग आईनं काय करावं? सासूबाईंनी सोमवार धरले. लेक बाळंत होऊन सुखरूप सुटेपर्यंत दर सोमवारी दिवसभर नुसतं पाणी, आणि तिन्हीसांजेला शंकरापुढं दिवा लावला की फराळ. एक जरी सोमवार मोडला तरी आधीचे सगळे पाण्यात, असं त्यांचं पक्कं होतं. मी आपली शहाणी. नवऱ्याला म्हणायची, "उपासानं मुलं टिकत असती तर दवाखाने कशाला बांधले असते?" तो पेपरातून तोंड न काढता हुं म्हणायचा. आम्ही दोघं सोमवार-शनिवार काहीच पाळत नव्हतो. हे अर्थातच कापड्याला माहीत नव्हतं.

त्या वेळी पोलादपूर भागात डबा पाठवायची एक सोपी रीत होती. गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा, गावाचं नाव सांगायचं, आणि तो स्टॉपवर उतरवून द्यायचा. औषधं, चपला, लग्नाच्या पत्रिका, सगळं असंच जायचं. एका जानेवारीच्या सोमवारी मी पहाटे उठले, आंघोळ केली, ओव्हन चिंच लावून घासला आणि सासूबाईंसाठी चार बटाटे केले. दाण्याचं कूट, जिरं, ओली मिरची, सैंधव, तूप. ते बाहेर काढल्यावर त्याच ओव्हनमध्ये आदल्या दिवशीचे, फ्रीजमधले कोलंबीचे चार गरम केले, ते नवऱ्याच्या डब्यासाठी. दोन्ही डबे आमच्या लग्नातल्या आहेराचे, एकाच मापाचे. एकाच्या झाकणावर माझ्या मामाचं नाव कोरलेलं, दुसऱ्याच्या झाकणावर ह्यांच्या आत्याचं. वाफ जावी म्हणून दोन्ही उघडे ठेवले आणि मी वेणी घालायला गेले. परत आले, झाकणं लावली आणि नवऱ्याला बजावलं, "मामाचा तुमचा. आत्याचा आईंचा. आत्याचा कापड्याच्या गाडीत द्या." तो दोन्ही घेऊन गेला.

दुपारी एक वाजता शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. नवरा होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच थंड.

"अगं, आज माझापण उपास आहे का?"

"काय झालं?"

"माझ्या डब्यात दाण्याचे बटाटे आहेत. पहिला खाल्ला तेव्हा वाटलं, कोलंबी संपली असेल. दुसरा फोडला, त्यातही दाणे."

झाकणं. वेणी घालून आल्यावर मी नावं वाचून झाकणं लावली होती, पण कुठल्या डब्यात काय आहे हे बघितलंच नव्हतं. मी विचारलं, "कापड्याची गाडी गेली?" तर म्हणाला, "साडेदहालाच. मी स्वतः दिला ना डबा." वर असंही म्हणाला की आईला वासावरून कळेलच, तू कशाला घाबरतेस.

हा मनुष्य स्वतःच्या आईला ओळखत नव्हता. सासूबाई वीस-पंचवीस वर्षं तपकीर ओढत होत्या आणि त्यांच्या नाकात काही राम उरला नव्हता, जिभेतही फारसा नाही. ताक आंबलंय का, हे त्या सासऱ्यांना हुंगायला लावायच्या. आणि त्यांची पद्धत अशी, की आलेला फराळ आधी देवापुढं ठेवायचा, दिवा लावायचा, आणि मगच एक घास तोंडात. म्हणजे कोलंबी शंकरापुढं बसणार, आणि मग सासूबाईंच्या पोटात जाणार.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही जा आत्ताच्या आत्ता. त्याच्याकडे वरून साहेब तपासणीला आले होते, तो उठूच शकत नव्हता. कापड्यात एका दुकानात फोन होता. तो तीनदा लावला, तिन्ही वेळा त्या मार्गावरच्या सगळ्या लाईन व्यस्त. चौथ्यांदा मी लावलाच नाही. लागला असता तर दुकानदाराला काय सांगणार होते? सोमवारच्या फराळात चुकून कोलंबी आली आहे, तेवढं सासूबाईंना कळवा? संध्याकाळपर्यंत पोलादपूर तालुक्यात बोभाटा झाला असता.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं की सासूबाईंना बरं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टँडवर गेले. पोलादपूरची गाडी उशिरानं आली. खिडकीशी बसून मी जे काही मनाशी बोलत होते ते विज्ञानाच्या बाईला शोभणारं नव्हतं. समजा त्यांनी खाल्लं. समजा उद्या-परवा पुण्याहून वाईट बातमी आली. डॉक्टर काहीही कारण देवोत, मला आयुष्यभर एकच कारण दिसणार. आणि सासूबाईंना कळलं तर त्यांनाही तेच. त्या मला एका शब्दानं बोलल्या नसत्या, आणि ते मला सहन झालं नसतं. मला नणंदेचा चेहरा दिसत राहिला. मागच्या खेपेला दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं बाळाची शिवलेली झबली माझ्याच हातात दिली होती आणि म्हणाली होती, तुझ्याकडेच ठेव.

पोलादपूरला नवरा कचेरीच्या दाराशी डबा घेऊन उभा होता. मी पहिलं विचारलं, "उरलेल्या दोन बटाट्यांना हात लावलात?"

"नाही. झाकणावर काढून चमच्यानं खाल्ले."

चला, एवढी तरी अक्कल. पुढची एसटी पाचची, म्हणून डबा घेऊन मी मिनिडोर, ती माणसं कोंबून नेणारी मोठी रिक्षा, पकडली. ड्रायव्हर आठ माणसं भरल्याशिवाय हलेना. सहा माणसं झाल्यावर मी त्याला इतकी बोलले की तो निमूट निघाला, आणि माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बाय, घरात कोन आजारी हाय का?" मी हो म्हटलं. एका दिवसात दुसऱ्यांदा.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सासूबाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला कळलं, त्यांना वाटलंय मी पुण्याची बातमी घेऊन आले.

"वन्सं बऱ्या आहेत," मी आधी तेच सांगितलं. "काही झालेलं नाही. डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"सकाळचा, गाडीनं आलेला. बटाट्यांचा."

"तो व्हय." त्या परत शेंगा सोलायला लागल्या. "तो दिला की शेजारच्या सुनेला. दुपारी आली होती. सातवा लागलाय तिला, अन्न जात नाय पोरीला, सकाळपासनं उपाशी. मी म्हटलं, सूनबायनं पाठवलंय ते घे. घेऊन गेली."

"तुम्ही उघडला नाही?"

"कशाला उघडू? दिवा लावायचा होता अजून."

मी पडवीच्या पायरीवर बसले. डबा देवापर्यंत गेलाच नव्हता. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेचना. सासूबाई घाबरून पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात शेजारची सून घासलेला डबा परत द्यायला आली, मोठं पोट पुढं घेऊन, हसत. "मावशी, चारच्या चार खाल्ले मी," ती म्हणाली. "महिन्याभरात पहिल्यांदा पोटात टिकलं बघा. कोलंबी काय झाली होती."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ती पोरगी गेली. मला आता काही थाप सुचत नव्हती आणि मारायचीही नव्हती. मी सगळं सांगितलं. झाकणं, वेणी, फोन. सोमवारी आमच्या घरात मासे शिजतात हेही सांगून टाकलं.

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली आणि वाल सुपात टाकले.

"मी खाल्लं असतं," त्या शेवटी म्हणाल्या, "न् तू बोलली नसतीस, तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"तुझा तर विश्वास नाय यावर. माझा पोर सांगतो मला."

"नाही," मी म्हटलं. पेपरातून तोंड न काढणाऱ्या माणसानं हे बरोबर पोचवलं होतं.

"मग शाळा टाकून धावत कशाला आलीस?"

मी म्हटलं, "वन्संना काही झालं असतं तर?"

सासूबाईंनी सुपातले वाल एका बाजूला सारले. त्या कुणाला जवळ घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "तिच्या काळजीत या घरात मी एकटीच हाय."

दिवेलागणीला मी त्यांच्याबरोबर देवापुढं बसले. नंतर त्यांनी मी आणलेल्या दोन बटाट्यांतला एक माझ्या ताटलीत ठेवला. मी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दाण्याचं कूट जरा जास्त झालं होतं. त्या म्हणाल्या, बरा झालाय, तूप कमी घाल.

नणंदेला मार्चात मुलगी झाली, दोघीही सुखरूप. मधले जे सोमवार उरले होते, ते आम्ही दोघींनी धरले. त्या कापड्याला, मी महाडला.