पाठमोऱ्या मॅडम

मॅडमच्या नवऱ्याचं पोट सोनोग्राफी विभागातल्या निम्म्या डॉक्टरांना पाठ होतं. नवीन डॉक्टर आले की मॅडम घरचंच माणूस आणून टेबलावर आडवं करत. "पेशंटवर घाबरत शिकण्यापेक्षा आमच्या ह्यांच्यावर शिका. दुखलं तरी तक्रार माझ्याकडेच येणार, आणि मी ऐकणार नाही."

हे म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. गेली दोन वर्षं मात्र "माझी हौस फिटली" म्हणत त्यांनी धाकट्या भावाला पुढे केलं होतं.

शिकवताना मॅडम स्क्रीनकडे पाठ करून संत्रं सोलत बसायच्या. नवीन डॉक्टर स्क्रीनकडे कमी आणि वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात, हे त्या जाणून होत्या. "ज्याच्या हातात पोटावर फिरवायचा प्रोब, त्यानं बोलायचं," एवढाच नियम.

यंदा आलेली डॉक्टर मुलगी हुशार, पण भित्री. तिच्या रिपोर्टात 'कदाचित' आणि 'असू शकेल' यांची इतकी गर्दी, की बरोबरच्यांनी तिचं नाव कदाचितबाई पाडलं होतं. त्या दिवशी सकाळी तर सर्जननी चारचौघांत तिचा रिपोर्ट आपटला. "तीन शक्यता लिहिल्यात. त्यातलं मी नेमकं काय कापू?"

ती डोळे पुसत मॅडमसमोर आली. "मला नाही जमणार हे. दुपारी विभागप्रमुखांना सांगते आणि सोडते."

"सोड की. पण मास्तर बाहेर येऊन बसलेत, मोठ्या मिनतवारीनं आणलंय. तेवढं पोट बघ आणि जा."

पोटावर थंडगार जेल पडलं तसे मास्तर दचकले. "फ्रिजमध्ये ठेवता का गं हे?"

"लिव्हरमध्ये चरबी… असू शकेल," मुलगी म्हणाली.

"आहे की असू शकेल?" पाठमोऱ्या मॅडमनी विचारलं.

"आहे."

"झालं! घरातलं तळण बंद," मास्तर कुरकुरले.

मग प्रोब डाव्या बाजूला गेला आणि तिथेच घोटाळला. मुलीनं मास्तरांना कुशीवर वळवलं, श्वास रोखायला लावला, पुन्हा रोखायला लावला. मशीनची बटणं तेवढी वाजत होती.

"काय गं, झोप लागली का?" मॅडमनी विचारलं.

"डाव्या किडनीत गाठ आहे, मॅडम."

मॅडमचा संत्र्यावरचा हात थांबला. "पाण्याची असेल. या वयात असतात तशा."

"नाही. भरीव आहे, आत रक्तप्रवाह दिसतोय."

"आतड्याची सावली असू शकेल," मॅडम म्हणून गेल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"दोन्हीकडून बघितलं, मॅडम. लहान आहे, पण आहे. आजच सीटी स्कॅन करू या."

"आता तरी वळ ना गं इकडे," मास्तर हळूच म्हणाले.

मॅडम वळल्या, पण स्क्रीनकडे बघायचं धाडस होईना. त्यांनी मुलीचा चेहरा बघितला. तिथे भीती होती, शंका नव्हती.

सीटीत गाठ नेमकी तिथेच निघाली. ऑपरेशन झालं, तेवढाच भाग काढला आणि किडनी वाचली. त्या सकाळी रिपोर्ट आपटणाऱ्या सर्जननीच या रिपोर्टवरची सही दोनदा वाचली. "हिनं शोधली? बरं झालं वेळेवर सापडली," एवढंच म्हणाले, पण चारचौघांत म्हणाले. विभागप्रमुखांकडे जायचं मुलीच्या डोक्यातून निघून गेलं ते गेलंच.

सहा महिन्यांनी मास्तर तपासणीसाठी पुन्हा टेबलावर आले. मॅडम नेहमीसारख्या पाठमोऱ्या बसल्या. संत्रं नव्हतं. एक हात मागे नेऊन त्यांनी मास्तरांचा हात घट्ट धरला होता.

"काय दिसतंय?"

"स्वच्छ आहे, मॅडम. काही नाही."

मॅडमनी हाताची पकड सैल केली.

"स्वतः वळून बघा ना," मुलगी म्हणाली.

"कशाला? तू बघितलंस ना."

"आणि लिव्हर?" मास्तरांनी आशेनं मान उचलली.

"चरबी आहे, काका. भरपूर आहे."

"या पोरीला जरा कदाचित म्हणायला शिकवा गं कुणीतरी," मास्तर म्हणाले आणि पोटावरचं जेल पुसायला लागले.