खांडीत घातलेला ट्रक

मागच्या ॲक्सलच्या तेलात बोट बुडवायचं आणि ते सरळ जिभेवर ठेवायचं, ही आमच्या ट्रक ड्रायव्हरची सकाळची पूजा. "खारा हाय," असं म्हणाला की समजायचं, काल खाडीचं पाणी आत शिरलंय, तेल बदलायला हवं. मग थू थू करून तेच बोट लुंगीला पुसायचा आणि त्याच हाताने भाकरी मोडायचा. शी! मी ओरडायचो, "अरे माणसा, हात तरी धू!"

"भावसायब," तो म्हणायचा, "माझे पोटान तेल गेला तर काय व्हनार? गाडीचे पोटान पानी गेला तर गाडी मरल."

मी तेव्हा मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. नवी मुंबई हे नाव अजून जन्मायचं होतं. न्हावा-शेव्याकडे मिठाच्या राशी, चिखल आणि डास, बाकी काही नाही. लढाई संपल्यावर आमच्या शेठने लिलावातून लष्कराचा एक जुना ट्रक उचलला होता. सहा चाकं, आणि एक दांडा ओढला की सहाच्या सहा जोर लावायची. हा ड्रायव्हर गावचाच, ब्रह्मदेशात असलाच ट्रक चालवून आलेला. लष्कराने सुटताना दिलेला इंग्रजी कागद दाखवून त्याला ही नोकरी लागली होती. स्वतःला वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी कागदावर त्याची भारी श्रद्धा.

तो ट्रक काय काय करायचा म्हणून सांगू! मीठ बंदरावर न्यायचा, पिण्याच्या पाण्याची पिंपं आणायचा. पावसाळ्यात बैलगाड्या रुतल्या की अडलेल्या बायांना पोत्यांवर निजवून दवाखान्यात पोचवायचा. एकदा तर वाजंत्र्यांसकट अख्खं वऱ्हाड चिखलातून पार केलं. नवरी मात्र सगळा रस्ता नाकाला पदर लावून बसली होती, कारण शेजारी हा. पेट्रोल, सुके बोंबील आणि घाम यांचा असा काही वास यायचा त्याला की मी टेबलाशी बसल्या बसल्या रुमाल काढायचो. दारूला मात्र तो कधी शिवला नाही. नुसत्या वासाने ओकायचा.

त्या वर्षी आषाढात, उधाणाच्या भरतीला, भर दुपारी खाडीच्या बांधाला खांड पडली. बांध फुटला की खाडी शेतात, आणि एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. घरटी एका माणसाने घमेलं घेऊन धावायची तिथे रीत होती, तसे सगळे धावले. पण टाकलेला चिखल डोळ्यांदेखत वाहून जात होता. शेठचा हुकूम होता की ट्रक बांधावर न्यायचा नाही. तो हुकूम सांगायला मीच गेलो होतो. हा दगडांनी भरलेला ट्रक घेऊन उभा, आणि सगळा गाव एका तोंडाने ओरडत होता, "घाल! गाडी घाल खांडीत!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "भावसायब, शेठला तुमी सांगाल ना, गावासाठी घातली?"

"सांगेन," मी म्हणालो. चांगलं चारचौघांत म्हणालो.

त्या निसरड्या बांधावर दुसरी कुठलीच गाडी टिकली नसती. सहाही चाकं चिखल उडवत निघाली आणि ट्रक नाक खाली करून खांडीत बसला. हा खिडकीतून कसाबसा बाहेर आला. वरून गावाने दगड-माती लोटली आणि पाणी थांबलं. भात वाचलं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि हा बांधावर बसून घरचं माणूस गेल्यासारखा रडत होता.

तिसऱ्या दिवशी शेठ आला. गावच्या कर्त्या माणसांना कचेरीत बोलावून त्याने विचारलं, "ट्रक घालायला कुणी सांगितलं?"

सगळ्यांची पोटं मिठागरावर. एक म्हातारा पंच म्हणाला, "आमी कोनी नाय सांगितला. पिऊन व्हता तो." झालं! सगळ्यांच्या माना हलल्या, त्याच्या सख्ख्या मावसभावाचीसुद्धा. मला त्या माणसांची अशी किळस आली की तिथेच थुंकावंसं वाटलं.

शेठ माझ्याकडे वळला. "तुम्ही होतात ना तिथे?"

"हो शेठ," मी म्हणालो, "प्यायलेलाच वाटला."

बडतर्फीचा कागद मीच टाइप केला. कामावर दारू पिऊन मालकाचा ट्रक बुडवला, भरवशाचा माणूस नाही. स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता. तो बाहेर पायरीवर बसला होता. कागद दोन्ही हातांनी घेऊन म्हणाला, "कसा लिवलाय, भावसायब?"

"चांगलं लिहिलंय."

"लष्कराचे कागदासारका?"

"हो."

नारळी पौर्णिमेनंतर मुंबईची लाँच पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो मोरा बंदराच्या धक्क्यावर भेटला. मुंबईला नोकरी शोधायला निघाला होता. कागद मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलेला. "मुंबईला ट्रकवाले रगड हायेत," तो म्हणाला. "जाईन तिथं पयला तुमचा कागद दाखवनार."

लाँच सुटायला अजून बराच वेळ होता. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्याला चहा पाजला.

लाँच निघाली. त्याने कठड्याशी उभं राहून छातीवरचा खिसा थोपटून दाखवला. मी हात हलवला.