दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

आमचा धाकटा लहानपणापासून शांत, म्हणजे माझ्या मते जरा मेंगळटच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याच्यावर रागावण्याचा हक्क तेव्हापासून माझ्याकडे आला, तो मी अजून सोडलेला नाही. व्हायोलिनच्या मास्तरांकडे मीच त्याला घातला. मास्तर चाल वाजवायचे आणि हा तिच्याखाली काहीतरी वेगळंच, पण जुळणारं वाजवत बसायचा.

"अरे, चाल वाजव ना!" मी ओरडायचे.

"ती मास्तर वाजवताहेत की," म्हणायचा.

पुढे त्याला शहरातल्या वाद्यवृंदात नोकरी लागली, दुसऱ्या व्हायोलिनांमध्ये. पहिली व्हायोलिनं चाल वाजवतात आणि लोकांच्या नजरेत भरतात. दुसरी त्यांच्याखालची बाजू सांभाळतात. मी त्याच वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात आहे. प्रत्येक वादकाच्या सुरांच्या कागदावर गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, याच्या खुणा पेन्सिलीनं करायच्या आणि कार्यक्रम झाला की खोडायच्या, हे माझं काम. सतरा वर्षं त्याचा कागद माझ्याच हातून गेला. रविवारी सकाळी तो एका हौशी दंतवैद्याच्या रिकाम्या वेटिंग रूममध्ये चौघांच्या चौकडीत वाजवायचा, तिथंही दुसरंच व्हायोलिन. दाताच्या दवाखान्यात इतका खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या व्हायोलिनांतले एक जण निवृत्त झाले आणि संचालकांनी धाकट्याला उचलून तिकडे बसवलं. मला कोण आनंद! मी भेटेल त्याला सांगत सुटले. तो मात्र दिवसेंदिवस उतरत गेला. कार्यक्रमाआधी हात गार पडायचे, सकाळ-संध्याकाळ नुसता सराव, त्यात रविवारची चौकडीही बंद पडली. "होईल सवय," मी म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात दुसऱ्या व्हायोलिनांत एक जागा रिकामी झाली. अर्ज माझ्याकडेच येतात. त्यातला आठवा अर्ज धाकट्याचा निघाला आणि माझं डोकंच फिरलं.

"लोक पुढे जायला जिवाचं रान करतात आणि तू मागे जायला अर्ज करतोस? संचालकांना कळलं तर?"

"पडद्यामागे नाव कळत नाही, ताई. म्हणून तर."

"आणि निवड झाली नाही तर?"

"तर मी वाजवणं सोडतोय."

त्याच्या आवाजात धमकी असती तर मी चार शब्द सुनावले असते. पण तो अगदी सरळ, हवापाणी सांगावं तसं बोलला. मी गुपचूप अर्जावर शिक्का मारला.

आमच्याकडची पद्धत अशी: उमेदवार पडद्याआड वाजवतो. जमिनीवर जाड सतरंजी घालतात, म्हणजे पावलांच्या आवाजावरूनही बाई की बुवा ते कळू नये. परीक्षकांना फक्त क्रमांक कळतो. निवडलेल्या क्रमांकाच्या कागदावर संचालकांची सही झाली की मगच पडदा सरतो. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात धाकट्याला सहा क्रमांक आला. नावांची यादी माझ्या पर्समध्ये आणि माझ्या तोंडाला कुलूप. खरं सांगते, तो नापास व्हावा असंच मला वाटत होतं. चार दिवस रुसेल आणि मुकाट्यानं पुढच्या खुर्चीवर जाऊन बसेल, अशी माझी समजूत.

शेवटच्या फेरीत तिघं उरले. प्रत्येकानं पडद्याआड आमच्याच तीन वादकांबरोबर चौकडीतलं दुसरं व्हायोलिन वाजवायचं होतं. चौघांचेही सूर एकाखाली एक लिहिलेला कागद घेऊन मी परीक्षकांच्या शेजारी बसले. सहा नंबरची पाळी आली. अर्ध्यावर पहिलं व्हायोलिन चुकलं, एक मात्रा उशिरा आलं. आता सगळंच कोसळणार असं मला वाटलं. कागदावर दुसऱ्या व्हायोलिनचा सूर दोन मात्रांचा होता. धाकट्यानं तो तीन मात्रा धरला, किंचित जोर देऊन, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या दोघांनाही थांबायचं कळलं. पहिला येऊन मिळाला आणि चौघं पुढे निघाले. चुकणाऱ्याची चूक झालीच नाही जणू.

कागद समोर नसता तर मलाही पत्ता लागला नसता. सतरा वर्षं मी याच्या कागदावर खुणा करत आले, पण कागदात नसलेलं हा काय काय करतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. आणि आता याचीच निवड होऊ दे, म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवू लागले.

"सहा नंबर," संचालक म्हणाले. "हा माणूस इतके दिवस होता कुठे?" त्यांनी सही ठोकली आणि कागद माझ्याकडे दिला.

पडदा सरला. धाकटा व्हायोलिन काखेत धरून उभा. संचालकांचा चेहरा पडला.

"तुम्ही? छे, छे! तुम्हाला मी पहिल्या व्हायोलिनांतून सोडणार नाही. आणा तो कागद इकडे."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागद छातीशी धरला.

"सही झालीय, साहेब. तुमचीच आहे."

संचालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी गेलीच समजा. मग ते धाकट्याकडे वळले. "पण का? पुढे काय कमी पडलं तुम्हाला?"

"पुढे बसलं की मला फक्त मीच ऐकू येतो, साहेब," धाकटा म्हणाला. "इथं सगळे ऐकू येतात."

संचालकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सोमवारपासून," म्हणाले आणि उठून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षं एका घरात राहून हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. विचारला तो परक्या माणसानं. पॅसेजमध्ये धाकटा भिंतीला टेकून हसत सुटला होता, डोळे पुसत, पुन्हा हसत. मी त्याच्याजवळ गेले.

"धाकट्या, माझं चुकलं."

"काय म्हणालीस, ताई?"

"ऐकलंस की! सगळे ऐकू येतात ना तुला?"