एसेताची चार मिनिटं

पडदा वर गेला. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ शहरातल्या छोट्या नाट्यगृहात रंगमंचावर एक पांढरी चादर आणि चादरीमागे एसेता, बाकी काही नाही. मी विंगेत स्टुलावर बसलो होतो. या फळ्यांवर चाळीस वर्षं नाचलो, विदूषकी केली. गुडघे गेले तेव्हापासून पडद्याची दोरी ओढतो.

एसेता धुलाईच्या कारखान्यात इस्पितळाच्या चादरी धुऊन त्यांच्या घड्या घालते. तिची आईही तिथेच होती. यंत्र चालू असताना जागा सोडायची नाही, हा मुकादमाचा नियम. एके सकाळी आई यंत्राशेजारी कोसळली आणि चार मिनिटं कोणी तिच्याजवळ गेलं नाही. मुकादम समोर उभा होता. कोणी गेलं तेव्हा ती संपली होती.

एसेताने त्यावर नाच बसवला. सुरुवातीला घड्या, यंत्राच्या ठेक्यावर, इतक्या हळुवार की बाळाचं दुपटं वाटावं. मग ठेका वाढत जातो, हात कोयत्यासारखे चालतात, श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. ऐन भरात आवाज तुटतो आणि ती नुसती उभी राहते. चार मिनिटं. संगीत नाही, प्रकाश बदलत नाही.

"राग नाचून दाखवला की उतरतो, काका," ती मला म्हणायची. "मला तो लोकांच्या मांडीवर ठेवायचाय."

पहिल्या प्रयोगाला ती अशी उभी राहून दीड मिनिट झालं असेल. तिसऱ्या रांगेतून पेनिना मावशी उठली, "चीऽऽहू" अशी आनंदाची आरोळी ठोकत रंगमंचावर चढली आणि एसेताभोवती वेडंवाकडं नाचू लागली. मागोमाग दोन मामा. आम्हा सामोअन लोकांत मुख्य नाचणारीला एकटी ठेवत नाहीत. म्हाताऱ्यांनी भोवती माकडचाळे करायचे, म्हणजे तिचं रूप उठून दिसतं. लोक हसले, टाळ्या पडल्या. एसेता हलली नाही. तिचा रागाने आवळलेला जबडा मात्र मला विंगेतून दिसत होता.

आत आल्यावर तिने चादर भिरकावली. "मावशी, तुला कोणी बोलावलं होतं?"

"बोलावणं लागतं होय? हात सोडून उभी राहिलीस. वाटलं, विसरली पोर."

"विसरले नव्हते. तोच नाच होता."

"उभं राहणं हा नाच? मग माझा नवरा केवढा मोठा नर्तक."

मामा हसले. एसेता हसली नाही. मावशीचा आवाज खाली आला. "माझ्या बहिणीजवळ कोणी गेलं नाही. म्हणून मी आले गं."

"कळतंय मला. पण तू आलीस आणि लोकांना बरं वाटलं. त्यांना बरं वाटायला नको होतं."

तेवढ्यात महोत्सवाचा व्यवस्थापक डंकन हसत आत आला. "कमाल झाली. हे रोज ठेवू. दीड मिनिटाला मावशी चढणार, तिथेच संपवायचं. चार मिनिटं कोण बघतं? एवढं कर, ऑकलंड आणि सिडनीचे प्रयोग माझ्याकडे लागले."

"आणि नाही केलं तर?"

"मग उद्याचा प्रयोग शेवटचा."

एसेताच्या आधी मावशीच उठली. "काय रे, खूण केली की उडी मारायला मी काय तुझी माकडीण आहे? प्रेमाने चढले होते मी."

"चार मिनिटं," एसेता म्हणाली. "एक सेकंद कमी नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी त्याच खुर्चीत, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली. आवाज तुटला. लोक खोकले, चुळबुळले. एकजण उठून गेला, त्याची खुर्ची धाडकन मिटली. तिसऱ्या मिनिटाला मावशीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात बाहेर आले नाहीत. चार मिनिटं भरली. मी पडदा सोडला. एकही टाळी पडली नाही. इतकी भरलेली शांतता माझ्या चाळीस वर्षांत मला कधी मिळाली नव्हती. डंकन न भेटताच गेला.

एसेता चादर गोळा करत होती. मी विचारलं, "ऑकलंड गेलं, पोरी. आता तरी राग उतरला का?"

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"नीट धरा, काका, घडी घालू. सकाळी सहाची पाळी आहे, आणि मुकादम अजून तोच आहे."