चिंचेने घासलेलं मॅगझिन

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या शेजारी एक निवृत्त इंग्रज मेकॅनिक राहायचे. जुन्या पिस्तुलांची मॅगझिन्स, म्हणजे गोळ्या भरायच्या पोलादी पेट्या, जमवायचा त्यांना नाद. मला समजावून सांगायचे: पत्रा दुमडून पेटी करायची, मागे सांधा जोडायचा, तळाच्या ठोकळ्यावर पिस्तुलाचाच नंबर ठोकायचा. एका पिस्तुलाला दोन पेट्या; दुसरीवर नंबराखाली अधिकचं चिन्ह. त्यांच्याकडे वडिलांनी युद्धातून आणलेली पहिली होती. दुसरी ते कितीतरी वर्षं शोधत होते.

ती सापडली त्यांच्या मँचेस्टरच्या मित्राला. दोघं कारखान्यात उमेदवारी करत काम शिकले तेव्हापासूनचे सोबती. मी तेव्हा प्रोजेक्टसाठी तिकडेच होतो, म्हणून मित्राने ती तेलकट कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली. "आहे तशी पोचव," एवढंच म्हणाला.

घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षी आमची शस्त्रं म्हणजे विळी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप. बायको म्हणाली, "अरे, यंदा खरंखुरं काहीतरी आहे, ठेवू की पाटावर. पण किती कळकट आहे बघ." मी चिंच लावून तांब्याच्या भांड्यासारखी घासली. काळपणा गेला, पेटी लखलखली. आपण चांगलं काम केलं, असंच वाटलं मला तेव्हा. हळदीकुंकू पुसून पुन्हा त्याच कागदात गुंडाळली.

शेजाऱ्यांनी भिंग लावलं. नंबर तोच, खाली अधिकही होतं. तरी त्यांनी पेटी पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून पाहिली.

"कारखान्याचा निळसर काळा मुलामा गेलाय," ते म्हणाले. "तो घालवणारा काहीतरी लपवत असतो. जुना नंबर घासून हा नवा ठोकलाय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू कागद उघडला होतास?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मित्र काय म्हणाला ते यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं. "काळी होती म्हणतोस? मग माझा शेजारी खोटारडा का?" फोन ठेवला, तो कायमचाच. मी चहा संपवून घरी आलो.

चार वर्षांनी ते गेले. अंत्यविधीला मित्र आला नाही. त्यांच्या मुलीने दोन्ही पेट्या माझ्या हातात ठेवल्या. "बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता," म्हणाली.

गेल्या रविवारी मी मँचेस्टरला फोन केला. म्हटलं, कागद मी उघडला होता, मीच घासली.

मग त्याने विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"नाही," मी म्हणालो.