सूझेनकाकू आणि जांभळा धूर

दक्षिण चीनमधल्या आमच्या फूच्यानच्या डोंगरात सूझेनकाकूंइतकी संशयी बाई दुसरी नाही. निळीच्या झुडपाचा पाला कुजवून, चुना घालून टाकं घोटलं की वर निळा फेस येतो. तो त्या खरडतात, धुऊन वाळवतात. त्याची पूड पोटाच्या औषधात जाते. कुणाचीही पूड दिसली की चिमूटभर निखाऱ्यावर टाकायची. जांभळा धूर निघाला तर अस्सल, नाहीतर चारचौघांत त्याचा पाणउतारा.

त्यांच्या हुइमिनला, म्हणजे लेकीला, आतड्याला सूज येऊन संडासावाटे रक्त जायचं. शहरातल्या बुटांच्या कारखान्यातली नोकरी सुटायच्या बेताला आली होती. काकूंनी घरची पूड पाठवली आणि रक्त थांबलं. ‘तुझ्या डॉक्टरीणबाईला सांगू नकोस हं,’ काकूंनी बजावलं, ‘त्यांना स्वतःच्या गोळ्या खपवायच्या असतात.’

पुढे हुइमिनला जिना चढताना धाप लागू लागली. काकूंनी शहर गाठून आधी जावयाला धरलं.

‘पूड बदललीस ना रे?’

‘आई, मी कशाला बदलू?’

‘स्वस्तातली आणून माझी विकत असशील!’

तिथेच शेगडी पेटवून पूड टाकली. धूर जांभळा. गावी परतल्यावर पाळी माझी, कारण ती पूड धुऊन पुडा मी बांधला होता.

‘चुना नीट धुतला नसशील तू.’

वीस वर्षं शेजारच्या टाक्यावर राबतेय मी! असा राग आला की घमेलं आपटून घरी निघून गेले.

शेवटी हुइमिन जिन्यातच कोसळली. मला बरोबर घेऊन काकू शहरात धावल्या. दवाखान्यात त्यांनी पुडा डॉक्टरीणबाईंपुढे आपटला. ‘तपासा. कुणीतरी भेसळ केलीय.’

बाईंनी तपासून घेतला. ‘भेसळ नाही, आजी. पूड अस्सल आहे. काहींच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांना हीच बाधते. ती देताय हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.’

काकू माझ्याकडे वळल्या. शिव्या द्यायला कुणी उरलंच नव्हतं. मला त्यांची दया आली, राग मात्र गेला नाही.

पूड बंद झाली, धाप ओसरली. पण महिन्याभरात रक्त परत सुरू झालं. हुइमिनचा फोन आला तेव्हा मी शेजारीच फेस खरडत होते.

‘आई, नव्या गोळ्यांनी अजून गुण नाही. चिमूटभर पाठव ना. तुझ्या हातची अस्सल असते.’

समोर सुपात पूड वाळत होती. काकूंनी तिच्याकडे पाठ फिरवली.

‘माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बाळ,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टरीणबाईंना विचार.’